आमरीचा वर्षावास

गवत गुडघ्याएवढं झालं की मी चिडचिडी होते. घरच्यांना हे आता पाठ झालंय. भाद्रपदात उघडीप पडली, कुळगावातल्या आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत वाऱ्यानं एका अंगावर झुकायला लागलं, की माझी मुलगी तिच्या बाबांना हळूच सांगते, "आईचा सीझन सुरू झाला." लोकांना पावसात कोंडल्यासारखं होतं. मला पाऊस थांबून ऊन पडलं की होतं. खिडकीचे गज धरून मी उभी राहते, गवतात काही पांढरं दिसतंय का बघते, आणि मग कुणावर तरी उगाच ओरडते.

पांढरं म्हणजे आमरी. माळावरच्या गवतात, जमिनीतल्या कंदातून उगवणारी. तिची चार-पाच पानं जमिनीलगत बसलेली असतात, शेजारून चालत गेलात तरी दिसत नाहीत. भाद्रपदात मधून एक काडी वर येते आणि तिच्यावर पांढरी फुलं लागतात. प्रत्येक फुलाच्या मागे बोटाहून लांब, बारीक, हिरवट नळी लोंबते. पावसाळा सरला की पान, काडी, फूल सगळं नाहीसं होतं आणि खाली कंद झोपून राहतो. पुढच्या वर्षी परत तीच येते. आपण "तीच" म्हणतो एवढंच. खरं तर जुना कंद सुरकुतून जातो आणि त्याला चिकटून नवा भरतो. उकरून बघितलं तर दोन्ही शेजारीशेजारी दिसतात, एक म्हातारा, एक तान्हा.

हे सगळं मी शिकले ते दोन हजार चारच्या पावसाळ्यात. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झालेली. आम्ही मोरिवलीत राहायचो, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या चाळीत, तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत. घरात तीन माणसं. मी, माझा नवरा मिलिंद आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामांनी तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काढली आणि निवृत्त होताना छातीत दमा घेऊन घरी आले. पावसाळी हवेत वास खाली बसायचा, तेव्हा त्यांचा जीव असा कासावीस व्हायचा की त्यांना एकटं ठेवायची सोय नव्हती. मिलिंद जवळच्याच दुसऱ्या कारखान्यात कंत्राटावर होता. तीन दिवस रजा टाकली तर चौथ्या दिवशी गेटवर त्याच्या जागी दुसरा उभा. राहिले कोण, तर मी.

आणि नेमकी त्याच आषाढात माझ्या नावाची ऑर्डर आली. शिक्षणसेवक म्हणून. मुरबाडच्या पलीकडे डोंगरातली एक वाडी, एसटीतून उतरून तासभर चढण, चार इयत्ता आणि एक खोली. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, मनमाडला. त्यांनी मला डीएड करवलं ते या कागदासाठी. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. मी अर्जविनंत्या करून मुदत वाढवून घेतली, भाद्रपदातल्या एका सोमवारपर्यंत. त्या दिवशी हजर झाले तर नोकरी, नाही झाले तर यादीतला पुढचा माणूस. सगळा पावसाळा माझं डोकं त्या एका सोमवारभोवती फिरत होतं.

वाडीला राहावं लागणार होतं, रोज येऊन-जाऊन जमण्यासारखं नव्हतंच. म्हणजे मी जायचं तर मामांजवळ कोण? माझी नणंद उल्हासनगरला. तिला विचारलं तर "बघू" म्हणाली. मिलिंदला विचारलं तर तोही "बघू" म्हणाला. माझा नवरा वाईट माणूस नाही. त्यानं मला कधी "जाऊ नकोस" म्हटलं नाही. "जा" असंही म्हटलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशा वेळी आमच्या घरातली पुरुषमंडळी "बघू" म्हणतात आणि बाईनं पुढचं समजून घ्यायचं असतं.

मामा मात्र बोलायचे. त्यांच्या हाती एक हुकमी पान लागलं होतं, वर्षावासाचं. आम्ही बौद्ध. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पांढऱ्या साड्या नेसून बायका सतरंजीवर बसतात, एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. माझा आवाज खणखणीत म्हणून वाचायला मी. तेवढा एक तास शेजारच्या शांताकाकू मामांजवळ बसायच्या. पावसाळ्यात कोवळं गवत उगवतं, त्यात लहान जीव असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली ते तुडवले जाऊ नयेत म्हणून भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहायचं, हे मी विहारात वाचलं आणि घरी येऊन उत्साहानं मामांना सांगितलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचा.

"बघ," मामा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वर्षावासात जागा सोडायची नसते."

"ते भिक्खूंना, मामा. मी शिक्षणसेवक आहे."

"सेवकच ना? मग सेवा कर. चहा टाक."

मी चहा टाकला. रागानं साखर कमी घातली. त्यांनी तो चवीनं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, त्याचा मला आणखी राग आला.

आमच्या खोलीला मागच्या बाजूला एक खिडकी होती. तिच्याखाली मामांची खाट. खिडकीबाहेर भिंत आणि नाला यांच्यामध्ये जेमतेम दोन हात रुंदीची पट्टी, माझ्या बारा पावलांची. नाला कधी लाल वाहायचा, कधी हिरवट निळा. आज कुठल्या कारखान्यात काय चाललंय ते मामा रंगावरून ओळखायचे. त्या पट्टीत विटांचे तुकडे, काचा, कुणाची तरी फाटकी चप्पल आणि या सगळ्यातून आलेलं गवत. आषाढातल्या एका दुपारी मामा त्या गवताकडे बघत म्हणाले, "माळावर आता पांढरीची पानं आली असतील."

पांढरी म्हणजे हीच आमरी. आमरी हे नाव मला पुढे एका पुस्तकात भेटलं, मामा नुसतं पांढरी म्हणायचे. त्यांचं गाव बारवीकडचं. ते धरणाच्या पाण्यात गेलं. वरचा माळ तेवढा राहिला, जिथं लहानपणी ते गुरं राखायचे. गाव उठल्यावर ते एकदाही तिकडे गेले नव्हते. मी एकदा विचारलं का गेला नाहीत, तर म्हणाले, "जाऊन बघायचं काय? पाणी?" पण पांढरीचं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. संध्याकाळी गुरं वळवताना तिचा वास यायचा म्हणे, आणि तो वास लागला की त्यांना कळायचं, घरी जायची वेळ झाली. मी म्हटलं, आणू का ती इथं? खरं सांगायचं तर त्यात प्रेमापेक्षा कंटाळा जास्त होता. मला हाताला काहीतरी हवं होतं.

बाजारात रानभाज्या विकायला यमी यायची. बारवीच्या अंगाच्या एका ठाकरवाडीतली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. बाजार आटोपला की उरलेली भाजी घेऊन ती आमच्या चाळीत फेरी मारायची. तिला मी वर्णन सांगितलं.

"गवतातली व्हय," ती म्हणाली. "ती खात नाय कोन. तुला कशाला?"

"बघायला."

"बघायला?" तिनं माझ्याकडे आणि खिडकीतल्या मामांकडे पाहिलं. "बरं. आनते."

आठ दिवसांनी तिनं पळसाच्या पानात गुंडाळलेला कंद आणला, मुळाशी मूठभर काळी माती, वर चार पानं. आणि इथं आम्ही अशी चूक केली जी एमआयडीसीच्या माणसांनीच करावी. आमच्या घरात बाहेरून आलेली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय आत येत नाही. मिलिंद कामावरून आला की आधी दाराबाहेरच्या मोरीत अंग धुणार, मग उंबरा ओलांडणार. त्याचे कपडे वेगळ्या बादलीत. तरी त्याच्या उशीचा अभ्रा मानेखाली गुलाबी व्हायचा तो व्हायचाच. भाजी मिठाच्या पाण्यातून दोनदा काढायची, डबा तीनदा घासायचा. कारखान्याची पावडर पोटात गेली तर काय होतं हे मामांच्या छातीकडे बघून आम्हाला माहीत होतं. त्यामुळे कंद हातात आल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर त्याला नळाखाली धरलं. मामा खाटेवरून सांगत होते, "नीट धू. मुळात किडे असतात." जुन्या टूथब्रशनं मी माती खरवडून काढली. सोललेल्या बटाट्यासारखा पांढराशुभ्र झाला तेव्हा ताटलीत ठेवून मामांना दाखवला.

"आता कसा चकचकीत दिसतोय," मामा म्हणाले. ज्यांनी सबंध लहानपण माळावर काढलं ते हे म्हणाले. तीस वर्षं कारखान्यात राहून माणूस माती म्हणजे घाण असं शिकतो.

चकचकीत कंद मी पट्टीत लावला. काचा वेचल्या, गवत उपटून जागा साफ केली, चहाचा चोथा घातला, राख घातली, सकाळ-संध्याकाळ पाणी, वर पाऊस होताच. पाचव्या दिवशी पानं पिवळी पडली, दहाव्या दिवशी सडली. मी रोज बोटानं उकरून बघत होते, म्हणजे तीही एक मदत झालीच.

यमी आली, तिनं कंद काढून नाकाला लावला आणि फेकून दिला.

"बाय गं, माती धुतलीस?"

"हो. स्वच्छ."

"तिचं खानं त्या मातीत व्हतं. आता काय खाईल, तुजं डोस्कं?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. का ते मला कळलं नाही. इथं कुणी मला लग्न होऊन दुसऱ्या घरी लावलेल्या रोपाची उपमा देऊ नये. त्या उपमेची मला मनापासून चीड आहे. लग्नात आहेराबरोबर कुणीतरी ती ऐकवतंच. मी रोप नव्हते. माझ्याकडे डीएडचं प्रमाणपत्र होतं आणि ट्रंकेत एक ऑर्डर होती.

दुसऱ्या खेपेला यमीनं कंद माझ्या हातातच दिला नाही. टोपलीत गवतासकट कापून आणलेली मातीची लादी होती, पाटाएवढी, आणि त्या गवतात मध्ये कुठेतरी आमरी. तिनं स्वतः पट्टीत खड्डा केला, खाली विटांचे तुकडे घातले म्हणजे पाणी साचणार नाही, आणि लादी जशीच्या तशी बसवली.

"खत नको. राख नको. चायपत्ती तर अजिबात नको. गवत काढू नको. रोज उकरू नको."

"मग मी करू काय?"

"काय करू नको. जीवावर येतं काय?"

येत होतं. फार येत होतं. काहीतरी खुडबुड केल्याशिवाय मला बसवत नाही, आणि त्या पावसाळ्यात तर माझ्यावर नुसतं बसायचीच पाळी आली होती. मामांना वाफ द्यायची, पाठ चोळायची, दम्याचा पंप कुठे ठेवलाय ते लक्षात ठेवायचं, आणि मधल्या वेळात खिडकीतून एका लादीकडे बघायचं. भोंगा वाजला की पहिली पाळी सुटायची, रिक्षा भरभरून माणसं जायची, दुसरी पाळी आत जायची. सगळं जग तीन पाळ्यांत हलत होतं आणि मी एकाच पाळीत अडकले होते, जी सुटत नव्हती.

तरी हळूहळू काम सापडलं. गोगलगायी. सांज झाली की त्या नाल्याकडून निघायच्या आणि कोवळी पानं कुरतडायच्या. मी त्या हातानं वेचून डब्यात भरायचे आणि चाळीच्या दुसऱ्या टोकाला सोडून यायचे. मारणार कशी, विहारात काय वाचत होते! शांताकाकूंची कोंबडी उकरायला यायची म्हणून मी तेलाच्या डब्याचं बूड कापून तो डबा आमरीभोवती रोवला. नगरपालिकेचे दोघं कोयते घेऊन गवत कापायला आले तेव्हा मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले.

"मॅडम, साप निघेल," एकजण म्हणाला.

"निघू दे. एवढा तुकडा सोडा."

"अहो, हे तर साधं गवत आहे."

"माहीत आहे."

त्यांनी सोडला. खिडकीतून मामा बघत होते. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, "वाडीला शाळा कशी आहे गं? छप्पर पत्र्याचं का कौलाचं?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी कुठे पाहिलीय. ते परत नाल्याकडे बघायला लागले.

श्रावणाच्या शेवटी मिलिंद मला उल्हासनगरला घेऊन गेला. नणंदेशी बोलणं झालं होतं. ती भाद्रपदात आठ दिवस येऊन राहायला तयार झाली होती, पुढचं पुढे. "चल, तुला बॅग घेऊ," मिलिंद म्हणाला. त्याचं "बघू" संपल्याची तीच काय ती खूण. सिंधी दुकानदारानं एकावर एक बॅगा उघडून दाखवल्या, चेनी ओढल्या, एका बॅगेवर स्वतः उभा राहिला. "देखो बेटी, वजन देखो हमारा. दस साल कुछ नहीं होगा. किधर जा रहे हो, गाव?" मी म्हटलं, "नोकरीला." त्यानं मिलिंदकडे बघितलं. "साईं, तुमचं नशीब हाय," असं मराठीत म्हणाला. निळी बॅग घेतली. घरी आणून मामांच्या खाटेखाली सरकवली, दुसरी जागाच नव्हती. त्या रात्री मला आनंद व्हायला हवा होता. मला आठवत राहिला तो डीएडचा सरावपाठ, ज्यात चौथीची मुलं फिदीफिदी हसत होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, हातातला खडू मोडला होता. विहारातल्या बायका हसत नाहीत. त्या डोळे मिटून ऐकतात. वाडीत मी एकटी असणार होते, चार इयत्तांसमोर, आणि डोंगरात सांगणार कुणाला? हे मी कुणाला बोलले नाही. बोलायची सोयच नव्हती. मला कोंडून ठेवलंय असं सगळ्या चाळीला मीच सांगितलं होतं.

यमीनं एकदा पट्टीत उभ्याउभ्याच विचारलं, "जानार कं नाय?"

"जायचं आहे. मामांचं बघायला कोणी..."

"आमच्या शाळेला कुलूप हाय," ती म्हणाली. "मास्तर येत नाय. तू जात नाय. मंग पोरांनी करावं काय?" टोपली डोक्यावर घेऊन ती निघूनही गेली. तिला उत्तर नको होतं बहुधा.

भाद्रपदात डब्याच्या आत, गवताच्या पात्यांमधून एक काडी वर आली. रोज वीतभर नाही, पण दिसेल एवढी वाढायची. शनिवारी तिच्यावर सात कळ्या मोजल्या, खालची टपोरी, हिरवटातून पांढरी होत चाललेली. मामा आता उशी उभी करून दिवसभर खिडकीशी बसायचे. मी दूध द्यायला गेले की विचारायचे, "फुटली का?" मी म्हणायचे, "तुमच्या नाकासमोर आहे, तुम्हीच सांगा." आमचं दोघांचं भांडण त्या दिवसांत जवळजवळ थांबलं होतं. वाट बघायला दोघांना एकच गोष्ट मिळाली होती.

"सोमवार-मंगळवारपर्यंत उमलेल," मामा म्हणाले. "बघून मंगळवारी जा."

"मुदत सोमवारी आहे, मामा."

"हां. सोमवारी," ते म्हणाले, जणू आत्ताच कळलं.

सोमवारी मिलिंद सकाळी पाळीला गेला. जाताना दारात थांबला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "पोचलीस की शांताकाकूंकडे फोन कर." नणंद दुपारपर्यंत येणार होती, तोवर काकू बसणार होत्या. ऊन पडलं होतं. मी विहारातली पांढरी नव्हे, निळ्या काठाची साडी नेसले, ऑर्डर प्लास्टिकच्या पिशवीत घातली, खाटेखालून बॅग ओढली. वाकून मामांच्या पाया पडले आणि सरळ होते तोच त्यांना दम लागला.

त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. छाती भात्यासारखी. मी पंप दिला, पाठ चोळली, काकूंना हाक मारून पाणी तापवायला सांगितलं, वाफ दिली. आठची एसटी गेली, नऊची गेली. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि हात सुटत नव्हता. मी इतकी रडले की काकू मलाच धीर द्यायला लागल्या. "पोरी, तुझ्या नशिबातच नाही," असं त्या म्हणाल्या आणि मी आणखी रडले.

अकराला मामांना झोप लागली. श्वास सरळ चालला होता. हात सुटला होता. काकू म्हणाल्या, "आता गेलीस तरी गाठशील की. मी आहे ना." घड्याळ भिंतीवर होतं, बॅग दारात होती, रिक्षा नाक्यावर होत्या. मी आत गेले आणि साडी बदलली.

मंगळवारी सकाळी खालची कळी उमलली. मी खिडकी पूर्ण उघडली. मामा खूप वेळ बघत राहिले. नळी बोटाएवढी लांब, पाकळ्या पांढऱ्या, कडेला झालरीसारख्या कातरलेल्या. "आमच्याकडे याहून मोठी यायची," ते म्हणाले. म्हातारी माणसं असं म्हणतातच. संध्याकाळी वास आला का? नाला वाहत होता, हवा जड होती. मला आला नाही. मामांना विचारलं नाही, कारण त्यांना कुठलाच वास येईनासा होऊन बरीच वर्षं झाली होती आणि हे मला माहीत होतं. यमी फूल बघायला आली. खाटेखाली तशीच असलेली बॅग तिनं पाहिली, फुलाकडे एकदा बघितलं, आणि भाजी न विकताच पुढच्या दारी गेली.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. मामा आणखी तीन वर्षं होते. त्या निळ्या बॅगेत त्यांच्या एक्स-रेच्या फिल्म आणि दवाखान्याचे कागद राहायचे. दुकानदार खोटं बोलला नव्हता, बॅगेला काही झालं नाही. मुलगी झाली. मामा गेल्यावर आम्ही बदलापुरात, या कुळगावात आलो आणि मी एका खाजगी शाळेत बारा वर्षं शिकवलं, पहिलीच्या वर्गाला. मुलं हसायची, मीही हसायचे, खडू मोडला तर दुसरा घ्यायचे. इतकं सोपं होतं ते. आमरी पुढच्या वर्षी आली, त्याच्या पुढच्या वर्षी नुसती दोन पानं आली. मग चाळीच्या मालकानं पट्टीवर सिमेंट ओतलं. आम्ही त्याआधी लादी उचलून यमीच्या टोपलीत घातली. तिनं ती माळावर परत लावली म्हणे. तिच्या वाडीच्या शाळेचं कुलूप कधी निघालं ते मी तिला विचारलं नाही.

पण या सगळ्याआधी, त्याच वर्षी, आश्विन पौर्णिमा आली आणि वर्षावास संपला. विहारात खीर झाली. मी घरी आले तेव्हा मामा त्या पट्टीत उभे होते. मला त्यांचं नवल वाटलं, पावसाळाभर ते खाटेवरून उतरले नव्हते. भिंतीला हात टेकून ते डब्यातली वाळलेली काडी बघत होते. आत गवत पिवळं पडायला लागलं होतं. मी खिरीची वाटी त्यांच्या हातात दिली आणि शेजारी उभी राहिले. नाला त्या दिवशी साध्या पाण्याच्या रंगाचा होता, बहुधा सुट्टी होती.

"मामा," मी म्हटलं, "एक विचारू? त्या सोमवारचा दम खरा होता का?"

ते चमच्यानं खीर हलवत राहिले. मला वाटलं नव्हतं ते उत्तर देतील. मला तर वाटत होतं ते चिडावेत, म्हणजे मला पुढची काही वर्षं सोपी जातील.

"निम्मा," मामा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढचा निम्मा... एकट्याला भ्या वाटलं गं पोरी."

मी वाटी त्यांच्या हातातून घेतली, त्यांना धरून आत आणलं, खाटेवर बसवलं. संध्याकाळी मिलिंदला सांगितलं, चाळीत सांगितलं, पुढे माहेरी सांगितलं, की म्हाताऱ्यानं मला कसं अडकवलं. सगळ्यांना माझी दया आली. अकरा वाजता सुटलेल्या त्या हाताबद्दल मी कुणालाच काही सांगितलं नाही, आणि मामा जिवंत होते तोवर माझं निम्मं मी त्यांनाही सांगितलं नाही.